पाटापलीकडे पडलेला तुकडा

भागामावशी,

रामनाथतात्याने तुमच्या डाव्या कानाखाली वाजवली तेव्हा मी तुमच्यापासून चार पावलांवर उभा होतो. कॅमेरा गळ्यात लटकत होता आणि माझे दोन्ही हात रिकामे होते. तुमचं डोकं एका बाजूला फेकलं गेलं, तुम्ही बांधावर गुडघ्यांवर आपटलात आणि कानातून रक्ताचा बारीक ओघळ मानेवर आला. मी ते सगळं पाहिलं आणि गप्प राहिलो. तुमच्याविषयी चार ओळी लिहायला बसलो तर दुसरं काही डोळ्यांपुढे येईना, म्हणून तिथूनच सुरुवात करतोय.

लासलगावला मार्केट यार्डाच्या फाटकाशी ट्रॅक्टरची ट्रॉली मागे येत होती, ती तुमच्या डाव्या बाजूने आली. ड्रायव्हर ओरडला, हमाल ओरडले, एका बाईने तर तुमच्या दिशेने पाटी फेकली म्हणे. तात्याच्या त्या फटक्यापासून तो कान बहिरा, यार्डाच्या गोंगाटात तुम्हाला काही ऐकू गेलं नाही. पोलिसांच्या पंचनाम्यात लिहिलंय की मयत महिला स्वतःच्या बेपर्वाईने वाहनाच्या मार्गात आली. तुमच्या लेकीने, शोभाने, तो कागद माझ्यापुढे धरला आणि माझं डोकं भणाणलं. आधी तुम्हाला खोटारडी ठरवलं होतं, आता बेपर्वा ठरवलं. दोन्हींची सुरुवात मी केली.

ती सुरुवात सगळ्यांसमोर सांग, एवढंच तुम्ही माझ्याकडे मागितलं होतं. ते मी तुमच्या जिवंतपणी केलं नाही.

नऊ वर्षं झाली. उन्हाळी कांद्याची काढणी चालू होती आणि उसावर औषध मारणारं विमान चार दिवस सायखेड्याच्या आसपास घिरट्या घालत होतं. त्या सकाळी ते तात्याच्या शेतात पडलं. जाताना विजेची तार तोडून गेलं, पडलं आणि पेटलं. तुम्ही पाटाच्या पलीकडे, कापलेल्या गव्हाच्या रानात सांडलेल्या ओंब्यांचा सरवा वेचत होतात. बाकीचे लोक पळाले ते विमानापासून लांब. तुम्ही एकट्या विमानाकडे धावलात. वैमानिक पट्ट्यात अडकला होता. तुम्ही त्याचा हात धरून ओढलं आणि बाहीसकट त्याची कातडी तुमच्या हातात आली. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, माझ्या स्टुडिओच्या पायरीवर बसून, आणि सांगताना तळहात लुगड्याला पुसत होतात. तो पोरगा ओरडत होता, आणि मग ओरडायचा थांबला, असं म्हणालात.

फोटो काढायला मला पोलिसांनी बोलावलं. नाशिकहून राजदूत मोटारसायकलवर मी पोचेपर्यंत आग विझली होती, प्रेत चादरीखाली होतं आणि तुम्हाला हात भाजले म्हणून दवाखान्यात नेलं होतं. औषधाचा वास इतका की पाच मिनिटांत मला ओकारी आली. फौजदार घाईत होते. म्हणाले, "फार फोटो नकोत, रोल वाया घालवू नका. सगळं एका फोटोत येईल असं बघा."

सगळं एका फोटोत येत नव्हतं. विमानाच्या शेपटीला एक हलणारी फळी असते, विमानाचं नाक वरखाली करणारी. तिचा अर्धा भाग पाटापलीकडे, चांगलं दीडदोनशे पावलं लांब पडला होता. मी पाट ओलांडला, ती फळी उचलली, वजनाला फार नव्हती, पण लांब होती म्हणून एक टोक जमिनीवरून ओढत आणली आणि विमानाच्या सांगाड्याशेजारी टेकवून ठेवली. फोटो झकास आला. लग्नात नवरदेवाच्या मामांना जरा पुढे सरकवतो तसं ते मला वाटलं. फोटोग्राफरचा हात असा सरावलेला असतो, आणि त्या दिवशी मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्याच संध्याकाळी तुमच्या गावाने आणखी एक पराक्रम केला. दिल्लीहून हवाई खात्याचे साहेब चौकशीला येणार, तर रान स्वच्छ असावं, साहेबांना शोधाशोध करायला लागू नये, म्हणून सगळ्या बायामाणसांनी मिळून विमानाचे तुकडे वेचले. नुसते वेचले नाहीत, त्यांची निवड केली. कांद्याची करतात तशीच. मोठा माल एका ढिगात, मध्यम म्हणजे गोल्टी दुसऱ्यात, अगदी बारीक चिंगळी तिसऱ्यात. जळके आणि वाकडे तुकडे वेगळे, बांधाला. वर गोणपाट झाकून तात्याने राखणीला माणूस बसवला.

फौजदारांनी मला फोटो घेऊन बोलावलं होतं; साहेब तिसऱ्या दिवशी आले. सोलापूरकडचे, पण दिल्लीत राहून बोलण्यात हिंदी मिसळलेली. तात्याने मोठ्या अभिमानाने गोणपाट काढलं. साहेबांनी ते तीन ढीग पाहिले आणि मावशी, असा संताप मी कुठल्याही सरकारी माणसाचा पाहिलेला नाही. त्यांनी हातातली काठी आपटून मोडली. "तुम्ही त्या माणसाला दुसऱ्यांदा मारलंत," असं ओरडले. कुठला तुकडा कुठे पडला यावरूनच तर कळतं की आधी काय तुटलं! मग बांधावर जाऊन बसले, डोकं धरून. कोणी चहा आणला, तो लाथाडला.

त्या वेळी तुम्हीच बोललात. दोन्ही हातांना पट्ट्या, त्या पोटाशी धरलेल्या. "साहेब, कुनी कुठून उचललं ते ज्याला त्याला ठावं हाय की. वाफे मोजून काम करतो आमी."

साहेबांनी वर पाहिलं. मी तुम्हाला 'ए बाई, तू गप' म्हणणार होतो, तेवढ्यात साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही पुन्हा सांगा." गावात तुम्हाला 'तुम्ही' म्हणणारा तो पहिला माणूस असावा. मी पण त्या दिवसापासून तुम्हाला 'तुम्ही' म्हणायला लागलो, ते त्यांचं ऐकून.

आणि मग दुपारभर ते चाललं. प्रत्येकाने ढिगातून आपापला तुकडा उचलला आणि आपापल्या वाफ्यात जाऊन उभा राहिला. सीताबाई पाचव्या वाफ्याच्या तोंडाशी, तिची सून बांधाला लागून, कोणी विहिरीजवळ. चूक झाली की शेजारची बाई ओरडायची, "तू न्हाय, म्या व्हते तिथं!" साहेब टेप घेऊन एकेकापाशी जात होते आणि कागदावर खुणा करत होते. मी ट्रॉलीवर चढून फोटो काढत होतो. भर उन्हात सत्तरऐंशी माणसं हातात जळकं पत्र्याचं भंगार घेऊन गप्प उभी होती. तो फोटो अजून माझ्याकडे आहे, आणि माझ्या आयुष्यातला एकच खरा फोटो तो, असं मला वाटतं.

शेपटीची ती फळी तात्याचा पुतण्या घेऊन सांगाड्याशेजारी उभा होता, कारण त्याने ती तिथूनच उचलली होती. तुम्ही त्याच्यापाशी गेलात, भाजल्या हातांनी ती त्याच्याकडून हिसकावलीत आणि चालायला लागलात. वाफे ओलांडले, बांध ओलांडला, पाटात उतरलात, पलीकडे चढलात. लोक हसायला लागले. कोणीतरी ओरडलं, "भागाबाय, नाशकाला नेती का काय?" तुम्ही गव्हाच्या रानात मधोमध थांबलात आणि ती खाली ठेवलीत.

"हितं पडली," तुम्ही तिथून ओरडून सांगितलंत. "माज्या म्होरं पडली. इमान तवा आजून वरच व्हतं. तारंला लागायच्या आदी!"

साहेब उठून उभे राहिले. तारेला लागायच्या आधी शेपटी तुटली असेल तर सगळंच बदलत होतं. पेपरात तर वैमानिकाचा हलगर्जीपणा असं छापून आलं होतं, गावात तो दारू प्यायला होता इथपर्यंत मजल गेली होती. पण तात्या पंच होता. सगळे अवशेष एकाच ठिकाणी मिळाले, या पंचनाम्यावर त्याची सही होती. वस्तीवरची, त्याच्याच शेतात मजुरीला येणारी बाई साहेबांसमोर त्याला खोटं पाडत होती. तो लाल झाला. "फोटो बघा साहेब! फोटो काय खोटं बोलतो?"

साहेबांनी माझ्याकडून फोटोंचं पाकीट घेतलं. फोटोत फळी सांगाड्याशेजारी होती. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही आलात तेव्हा ही इथेच होती?"

मी म्हणालो, "हो."

का म्हणालो? फौजदार बघत होते. पोलिसांचं काम सुटलं तर स्टुडिओचं भाडं कुठून देऊ, हे एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. आणि एक नुसतीच लाज, चारचौघांत चूक कबूल करायची. भ्याडपणा म्हणतात त्याला.

तुम्ही पाट ओलांडून परत आलात, फोटोकडे पाहिलंत आणि म्हणालात, "फोटू खोटा हाय." तेव्हा तात्याचा हात उठला. साहेब "अरे!" म्हणेपर्यंत तुम्ही खाली पडला होतात, आणि पडल्यावरही त्याने एक लाथ घातली. साहेबांनी त्याला मागून कवेत धरून ओढला. गर्दीतून आवाज आला, "लय शानी झाली व्हती." कोण बोललं ते मला ठाऊक आहे. इथे नाव लिहीत नाही, कारण माझं नाव त्याच्या आधी यायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विश्रामगृहावर गेलो आणि साहेबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते मला बदडतील. मला तेच हवं होतं. ते दाढी करत होते. तोंडावरचा साबण पुसून एवढंच म्हणाले, "गाडी काढा." गव्हाच्या रानात माझ्या ओढण्याची रेघ अजून तशीच होती, थेट पाटापर्यंत. ते त्या रेघेवरून ओणवे चालत गेले. जिथे तुम्ही फळी ठेवली होती तिथून हातभर अंतरावर त्यांना मोडक्या बिजागरीचा तुकडा मातीत सापडला. त्यांनी तो मला दाखवला. मोडल्याची जागा अर्धी काळी, अर्धी चकचकीत. काळी म्हणजे चीर जुनी, महिनोन्‌महिन्यांची, फवारणीच्या औषधाने खाल्लेली. चकचकीत म्हणजे त्या सकाळी मोडलेली.

"आमचं काम दोषी शोधायचं नाही," ते म्हणाले. "आधी काय झालं, त्याच्याही आधी काय झालं, असं मागे मागे जायचं. म्हणजे पुढचा माणूस वाचतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं मी अहवालात लिहीन. गावात सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

मी त्यांचं पहिलं वाक्य तेवढं धरून ठेवलं. दोषी शोधायचा नाही! किती सोयीचं वाक्य. ते पांघरून मी आठ वर्षं आरामात झोपलो.

काही महिन्यांनी साहेबांचं पत्र आलं. त्या जातीची सगळी विमानं उतरवून बिजागऱ्या उघडून पाहिल्या होत्या. आणखी दोन विमानांत तशीच चीर निघाली. आता प्रत्येक फवारणीनंतर ती जागा धुऊन, उघडून बघायचा हुकूम निघाला होता. शेवटी लिहिलं होतं, त्या बाईंना हे जरूर सांगा. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही शोभाला भेटायला नाशिकला आला होतात, ती वसतिगृहात राहून शिकत होती. तुम्ही स्टुडिओच्या पायरीवर बसलात आणि विचारलंत, "मंजी दोन पोरं वाचली?" मी म्हणालो, वाचली. तुम्ही पदर तोंडाला लावून हुंदके देऊन रडलात, आणि मग डोळे पुसून म्हणालात, "मंग गावात सांग की. मला आजून खोटी म्हनत्यात." मी म्हणालो, सरकारी कागद आहे, इंग्रजीत आहे, असं सांगता येत नाही. सफाईने खोटं बोललो.

तेव्हापासून तुम्ही येतच राहिलात. सीबीएस स्टँडवर एसटीतून उतरलात की आधी माझ्याकडे, पिशवीतली मेथीची जुडी टेबलावर, मग वसतिगृहावर. नेहमी मला उजव्या हाताला घेऊन बसायच्या. मी बायकोशी भांडलो की माझीच चूक काढायच्या. शोभा डी.एड. झाली तेव्हा तिच्या शेजारी बसून फोटो काढलात आणि म्हणालात, "दात दिसू देऊ नको, पडल्यात." आणि त्या जुन्या फोटोची आठवण निघाली की हसून म्हणायच्या, "तुजी मशीन येडी हाय फोटूवाल्या, पाटापल्याडचं आल्याड दाखवती." हसायच्या तुम्ही! माझ्या आईनंतर मला विनाकारण जीव लावणारं माणूस तुम्हीच होतात, आणि मी तुमच्या त्या कानाकडे बघत चहा पीत बसायचो.

गेल्या वर्षी मला ते सहन होईना. मी सांगून टाकलं. मशीन येडी नव्हती मावशी, मीच ती फळी उचलून आणली आणि मीच साहेबांना हो म्हणालो.

तुम्ही हातातला कप माझ्या अंगावर फेकलात. चहा गरम होता. "साहेबाला दुसऱ्या दिशी सांगितलंस? आनि मला आठ वर्सांनी?" मी म्हणालो, अहवालात तर खरं लिहिलंय ना. "तुजा आव्हाल दिल्लीला. मला मारलं सायकेड्यात. जिथं मारलं तिथं सांग. त्याच मानसांम्होरं." मी म्हणालो, सांगतो. "कवा?" काढणी होऊ दे, म्हणालो. मग म्हणालो, दिवाळी होऊ दे. मग शोभाचं लग्न ठरतंय, आता नको. दर वेळी तुम्ही विचारायच्या आणि दर वेळी मी नवा मुहूर्त काढायचो. एकदा तुम्ही म्हणालात, "तात्यानं एकदा मारलं. तू रोज मारतोस." त्यानंतर तुम्ही माझ्याकडे आला नाहीत. मीही गेलो नाही. मला राग आला होता. तुमचा! अजून स्वतःची शिसारी येते ती या रागामुळे.

साहेबांसारखं मी मागे मागे गेलो. ट्रॉली. त्याच्या आधी कान. त्याच्या आधी तात्याचा हात. त्याच्या आधी माझं हो. त्याच्या आधी, सगळं एका फोटोत यावं म्हणून उचललेली फळी. पंचनाम्यात यातलं काही नाही, तिथे नुसती एक बेपर्वा बाई आहे.

काल तुमचा जलदान विधी होता. वस्तीवर मांडव, बुद्धवंदना झाली, माणसं तुमच्याविषयी दोन दोन शब्द बोलत होती. गावातलेही आले होते. तात्यासुद्धा, काठी टेकत, खुर्चीवर. मी उठलो आणि सांगितलं. पाटापासून हो म्हणण्यापर्यंत, सगळं. मला वाटलं होतं की आता माझ्यावर तुटून पडतील. कोणी जागचं हललं नाही. एक म्हातारा म्हणाला, "जाऊ द्या, झालं गेलं. आता बाईच राहिली न्हाय." कोणीतरी मला पाणी दिलं. आणि तात्या शेजारच्याला विचारत होता, "म्या मारलं? कुनाला? कवा?"

तो नाटक करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. तुमचा कान गेला, जीव गेला, आणि त्याच्या लेखी तो एक साधा दिवस होता. मी मांडवातून धावत जाऊन त्याची गचांडी धरली, खुर्चीसकट त्याला उचललं आणि हात उगारला. म्हातारा माणूस, तोंडात दात नाहीत, आणि मला त्याचा कान फोडायचा होता. देवाशपथ सांगतो, मी मारणार होतो.

शोभाने माझं मनगट धरलं. तिची पकड तुमचीच.

"काका, आईचं सांगायला आलात की तुमचा राग काढायला?"

मी त्याला सोडलं. तिने आतून शाळेची वही आणली, पेन दिलं, म्हणाली, "बोललात ते लिहून द्या. पोलिसांकडे देते. त्या पंचनाम्याला जोडा म्हणते." मी मांडवातच सतरंजीवर बसून लिहिलं. तिने ते उभं राहून मोठ्याने वाचलं, शाळेत वाचतात तसं, एकेक शब्द तोडून. 'मी साहेबांना हो म्हणालो' इथे ती थांबली आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. मग विचारलं, "तिथं तेव्हा कोण कोण होतं?" मग सीताबाई पुढे आली. "म्या व्हते. म्या हसले बी व्हते तिला." तिने अंगठा दिला. तिच्यामागून तिची सून, मग आणखी पाचसहा जण. तात्या उठून निघून गेला. शोभाने त्याच्या नावापुढे लिहिलं, 'हजर होते, ऐकलं, सही दिली नाही.'

मला वाटलं, झालं. मी पेन ठेवून उठायला लागलो.

"थांबा," ती म्हणाली. "आईने तुम्हाला हे गावात सांगा म्हणून कधीपासून सांगितलं होतं?"

"मी त्यांना खरं सांगितल्यापासून, गेल्या उन्हाळ्यापासून."

"किती वेळा?"

मी आठवायला लागलो. पायरीवर, एसटीच्या खिडकीतून, शोभाच्या पाठवणीनंतर मांडवात. मोजता येईनात.

तिने वही पुन्हा माझ्यापुढे सरकवली. "तेही लिहा."

मी लिहिलं, मावशी. आणि त्याखाली पुन्हा सही केली.